आत कोणी शिरलेलंच नाही, मग लॉगिन फॉर्मला टोकन कशाला?

बँकेत पैसे भरायला गेलं की टेबलावर कोऱ्या स्लिपांचा गठ्ठा पडलेला असतो. समजा, एखाद्या भामट्याने त्यातल्या शंभरेक स्लिपा उचलल्या, खाते क्रमांकाच्या चौकटीत स्वतःचा नंबर छापून घेतला आणि गुपचूप परत ठेवून दिल्या. तुम्ही घाईत असता. रक्कम लिहिता, सही ठोकता, खिडकीवर देता. बँक खरी, कॅशियर खरा, नोटा तुमच्या. खातं तेवढं त्याचं.

लॉगिन फॉर्मवरची क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी, म्हणजे सीएसआरएफ, अशीच चालते. भामटा तुमच्या साइटवर स्वतःचं रीतसर खातं उघडतो. मग दुसऱ्याच कुठल्यातरी साइटवर एक पान तयार करतो. त्यात एक न दिसणारा फॉर्म असतो. फॉर्मचा पत्ता तुमच्या लॉगिनचा, आणि रकान्यांत त्याचं स्वतःचं युजरनेम-पासवर्ड आधीच भरलेलं. पान उघडताक्षणी जावास्क्रिप्टची एक ओळ तो फॉर्म सबमिट करते. तुमचा ग्राहक ‘बक्षीस लागलंय’ अशा लिंकवर क्लिक करतो आणि पुढच्या सेकंदाला तुमच्याच साइटवर उतरतो. पत्ता बरोबर, एचटीटीपीएस बरोबर, पान ओळखीचं. पण तो आत आलाय भामट्याच्या खात्यातून. आता तो कार्ड सेव्ह करेल, आधारची प्रत चढवेल, रक्ततपासणीचा रिपोर्ट अपलोड करेल. संध्याकाळी भामटा स्वतःच्या खात्यात निवांत लॉगिन करून सगळं पाहील. कुलूप तोडावं लागलं नाही, माल घरपोच आला.

नेहमीची सीएसआरएफ याच्या उलट दिशेची. तिथे ग्राहक स्वतःच्या खात्यात आधीच शिरलेला असतो आणि त्याच्या नावावर भामटा पैसे पाठवतो किंवा ईमेल बदलतो. शिकवण्यांमधून सगळे तेवढंच सांगतात. त्यामुळे नवखा डेव्हलपर पैसे पाठवायच्या फॉर्मला टोकन (सर्व्हरने फॉर्ममध्ये लपवलेली, परत आल्यावर जुळवून बघायची गुप्त खूण) लावतो आणि लॉगिनचा फॉर्म मोकळा सोडतो. ‘अजून आत कोणी आलेलंच नाही, तर चोरणार काय?’ हा प्रश्न मीही विचारला होता, आणि एकदा नाही.

हा प्रकार नवा नाही. सीएसआरएफ हे नाव पीटर वॉटकिन्स यांनी २००१ मध्ये दिलं. लॉगिनच्या फॉर्मकडे बोट दाखवलं ते स्टॅनफर्डच्या अ‍ॅडम बार्थ, कॉलिन जॅक्सन आणि जॉन मिचेल यांनी, २००८ च्या शोधनिबंधात. त्यांचं एक उदाहरण शोधयंत्राचं होतं. माणूस भामट्याच्या खात्यातून शोध घेत राहतो आणि त्याने काय काय शोधलं याची यादी भामट्याच्या इतिहासात जमा होत जाते. आज कुकींवर, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखचिठ्ठ्यांवर, ‘सेमसाइट’चा शिक्का (परक्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टबरोबर कुकी जावी का, हे सांगणारा) आला तरी हे भोक आपोआप बुजलेलं नाही. ते का, हे पुढे दुसऱ्या पायरीत येईल, आणि या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

उदाहरणं साध्या पीएचपीची घेतो. छोट्या संस्थांच्या साइटी बहुतेक त्यावरच चालतात, आणि फ्रेमवर्क नसलं की काय चाललंय ते उघड दिसतं. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर धरून चाला.

आधी घरात काय आहे ते बघा

फ्रेमवर्क वापरत असाल तर निम्मं काम झालेलं असतं. जँगोचा तयार लॉगिन व्ह्यू टोकन तपासतो आणि लॉगिननंतर ते बदलतोही. लारावेलमध्ये वेब राउटवर तपासणी आपोआप असते. टोकन नसलं तर ‘४१९ पेज एक्स्पायर्ड’ असं पान येतं. रेल्समध्ये ५.२ पासून नव्या प्रकल्पांत ती सुरूच असते. नोडच्या एक्सप्रेसमध्ये मात्र स्वतःचं काही नाही. तिथे वर्षानुवर्षं वापरलं जाणारं ‘सीसर्फ’ हे पॅकेज २०२२ मध्ये निवृत्त केलं गेलं, तरी जुन्या ट्युटोरियलांत अजून तेच सापडतं.

म्हणून पहिलं काम शोधाशोधीचं. प्रकल्पात ‘सीएसआरएफ’ आणि ‘एक्झेम्प्ट’ हे शब्द शोधा. लॉगिनच्या राउटला कोणीतरी सूट देऊन ठेवलेली सापडण्याची शक्यता बरीच असते. ती का दिलेली असते, त्याची कथा पाचव्या पायरीत आहे.

पायरी १: दारातच विचारा, कुठून आलात?

लॉगिन फक्त पोस्टनेच स्वीकारा. पीएचपीत ‘रिक्वेस्ट’ नावाचं जे सामायिक अ‍ॅरे आहे ते गेट (पत्त्यातून आलेला मजकूर) आणि पोस्ट (रिक्वेस्टच्या पोटातून आलेला) दोन्हीतून वाचतं. त्यातून युजरनेम घेत असाल तर भामट्याला फॉर्मही लागत नाही, नुसती लिंक पुरते. ‘पोस्ट’चं अ‍ॅरेच वापरा.

मग हेडर, म्हणजे रिक्वेस्टला जोडलेल्या माहितीच्या ओळी, बघा. आजचे ब्राउझर एचटीटीपीएसवरच्या प्रत्येक रिक्वेस्टबरोबर ‘सेक-फेच-साइट’ नावाचं हेडर पाठवतात. क्रोममध्ये ते २०१९ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२१ पासून, सफारीत २०२३ पासून. त्याची किंमत ‘सेम-ओरिजिन’, ‘सेम-साइट’, ‘क्रॉस-साइट’ किंवा ‘नन’ असते. हे हेडर जावास्क्रिप्टला बदलता येत नाही, त्यामुळे भामट्याच्या पानाला खोटं बोलायची सोय नाही. लॉगिनचं पान आणि लॉगिन घेणारा पत्ता एकाच ओरिजिनवर (एचटीटीपीएस, पूर्ण नाव आणि पोर्ट तिन्ही सारखे; ‘साइट’मध्ये सबडोमेनंही एकच धरतात) असतील, आणि असावेतच, तर नियम सरळ आहे: ‘सेम-ओरिजिन’ असेल तर आत, नाहीतर ४०३, म्हणजे नकार.

हेडर आलंच नाही, तर ‘ओरिजिन’ हेडर आपल्या पत्त्याशी ताडून बघा. इथे तीन खोड्या आहेत.

पहिली, ‘आपलं नाव त्यात आहे का’ असं शोधू नका. ‘माझीसाइट.इन’ हे नाव ‘माझीसाइट.इन.भामटा.कॉम’ मध्येही आहे. पूर्ण ओळ, एचटीटीपीएससकट, तंतोतंत जुळली पाहिजे. दुसरी, आपला पत्ता सर्व्हरला विचारू नका. मध्ये प्रॉक्सी असली की सर्व्हरला वाटतं आपण एचटीटीपीवर कुठल्यातरी अंतर्गत नावाने चाललोय. पत्ता कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवा. तिसरी, ओरिजिन कधीकधी ‘नल’ असा येतो. बंदिस्त आयफ्रेममधून (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातून) आलेला फॉर्म तसा येतो, आणि तुमच्याच पानावर रेफरर-पॉलिसी ‘नो-रेफरर’ असेल तर तुमचा स्वतःचा फॉर्मही तसाच येतो. अशा वेळी यादीत ‘नल’ घालायचा मोह होतो. घालू नका, आयफ्रेम भामट्यालाही बनवता येते. पॉलिसी ‘सेम-ओरिजिन’ करा, काम होतं.

दोन्ही हेडरं नसतील तर लॉगिन नाकारलेलं बरं. मोबाइल अ‍ॅपसाठी लॉगिन हवं असेल तर त्याचा पत्ता वेगळा ठेवा आणि तिथे कुकी देऊ नका.

ही तपासणी ‘सेशन स्टार्ट’ म्हणण्याच्या आधी करायची. (सेशन म्हणजे कुकीवरून ओळखलेल्या पाहुण्याची सर्व्हरवरची नोंद.) हा क्रम मुद्दाम सांगतोय. परक्या साइटवरून पोस्ट आली की सेमसाइट ‘लॅक्स’ असलेली तुमची सेशन कुकी ब्राउझर पाठवत नाही. सर्व्हरला वाटतं, हा नवाच पाहुणा. ‘सेशन स्टार्ट’ नवीन सेशन काढतं, नवी कुकी देतं, आणि ती ग्राहकाच्या चालू कुकीवर जाऊन बसते. म्हणजे हल्ला तुम्ही परतवलात खरा, पण ग्राहक त्याच्या खात्यातून बाहेर फेकला गेला. पेमेंट गेटवेवरून परत येताना ग्राहक लॉगआउट झालेला दिसतो, अशी तक्रार ज्यांनी कधी ऐकलीय त्यांना ही भानगड ओळखीची वाटेल. अनेकदा मूळ तेच असतं. आधी हेडर बघून परत पाठवलं तर सेशनला हातच लागत नाही.

गो भाषेच्या १.२५ आवृत्तीत, २०२५ मध्ये, नेमकी ही हेडरांची तपासणी मूळ लायब्ररीत आली. आज नवीन काही बांधत असाल तर एवढ्यावरही बरंच भागतं. तरी मी टोकन ठेवतो. जुने फोन, विचित्र वेबव्ह्यू, मधले प्रॉक्सी, सगळ्यांचा भरवसा मला नाही.

पायरी २: आत येण्याआधीच पाहुण्याला ओळख द्या

आता सेमसाइटचा प्रश्न. ‘लॅक्स’ किंवा ‘स्ट्रिक्ट’ लावलं की परक्या साइटवरून सबमिट झालेल्या पोस्टबरोबर तुमची जुनी कुकी जात नाही. क्रोमने २०२० मध्ये, काही न लिहिलेल्या कुकींनाही लॅक्स धरायला सुरुवात केली. नेहमीच्या सीएसआरएफला याने मोठा चाप बसला. पण लॉगिनला जुनी कुकी लागतेच कुठे? युजरनेम आणि पासवर्ड फॉर्ममध्येच आहेत. कुकी गेली नाही तरी सर्व्हर पासवर्ड तपासतो, बरोबर निघतो (भामट्याचा असला तरी खराच आहे), आणि नवी कुकी देतो. संपूर्ण पान बदलून झालेल्या रिक्वेस्टच्या उत्तरात आलेली ती कुकी ब्राउझर बिनतक्रार ठेवून घेतो. सेमसाइट मुख्यतः कुकी पाठवण्यावर पहारा ठेवतं. इथे हल्ला कुकी मिळवण्याचा आहे.

म्हणून युक्ती अशी: लॉगिनला जुन्या कुकीची गरज आपणच निर्माण करायची. कोणी लॉगिनचं पान उघडलं की, तो कोण हे माहीत नसतानाही, त्याला एक सेशन द्यायचं. याला मी बिननावाचं सेशन म्हणतो. त्यात अजून कुठलाही युजर नाही. त्या सेशनमध्ये टोकन ठेवायचं, तेच फॉर्ममध्ये छापायचं, आणि पोस्ट आली की दोन्ही जुळतात का बघायचं. बँकेच्या भाषेत, टेबलावर स्लिपांचा गठ्ठा ठेवायचाच नाही. खिडकीतून शिक्का मारलेली एकेक स्लिप द्यायची, आणि शिक्क्यात समोरच्याचा रांगेतला नंबर असायला हवा.

कुकी देताना, पीएचपी ७.३ पासून ‘सेशन सेट कुकी पॅरम्स’ला अ‍ॅरे देता येतं. त्यात सिक्युअर चालू, एचटीटीपी-ओन्ली चालू, सेमसाइट लॅक्स, पाथ नुसती तिरकी रेघ, आणि डोमेनचा रकाना रिकामा. सेमसाइट स्वतः लिहा, ब्राउझरच्या सवयीवर सोडू नका. सगळे ब्राउझर न लिहिलेल्या कुकीला लॅक्स धरत नाहीत, आणि क्रोमही अशा कुकीला पहिली २ मिनिटं पोस्टच्या बाबतीत सवलत देतो.

कुकीच्या नावाची सुरुवात दोन अंडरस्कोअर, मग ‘होस्ट’, मग हायफन अशी करा. हे नुसतं नाव नाही. अशा नावाची कुकी सिक्युअर नसेल, तिला डोमेन दिलेला असेल किंवा पाथ वेगळा असेल तर ब्राउझर ती घेतच नाही. याची गरज सबडोमेनमुळे पडते. बऱ्याच संस्थांची मुख्य साइट एका पत्त्यावर आणि कोणे एके काळी बसवलेला, कोणी अपडेट न केलेला ब्लॉग दुसऱ्या सबडोमेनवर असतो. तो ब्लॉग कोणाच्या ताब्यात गेला तर तिथून मुख्य डोमेनसाठी कुकी टाकता येते. भामटा स्वतः तुमच्या लॉगिन पानावर जाऊन बिननावाचं सेशन आणि त्याचं टोकन घेतो, ती कुकी ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये पेरतो आणि फॉर्ममध्ये जुळणारं टोकन घालतो. तुमची तपासणी खुशाल पास. होस्ट-नावाची कुकी सबडोमेनवरून पेरता येत नाही. शिवाय पहिल्या पायरीत ‘सेम-साइट’ नाकारून फक्त ‘सेम-ओरिजिन’ घेतलं, ते याच कारणासाठी.

पायरी ३: टोकन काढा

‘रँडम बाइट्स’ला ३२ द्या, ‘बिन टू हेक्स’मधून काढा, ६४ अक्षरं मिळतील. सेशनमध्ये आधीच असेल तर तेच वापरा. पान उघडेल तितक्या वेळा नवं काढलं तर दोन टॅब उघडणारा माणूस अडकतो. वेळेचा एमडीफाइव्ह, ‘युनिक आयडी’, युजरनेमचा हॅश, यांतलं काही चालणार नाही. ते ओळखता येतं.

फॉर्ममध्ये हिडन इनपुट म्हणून छापा. पत्त्यात, म्हणजे प्रश्नचिन्हापुढे, कधीही नको. तो लॉगमध्ये आणि इतिहासात उरतो.

पायरी ४: जुळवून बघा, आणि रिकाम्याला रिकामं जुळू देऊ नका

तुलना ‘हॅश इक्वल्स’ने करा, दोन बरोबरच्या खुणांनी नको. हे सगळे सांगतात. जे सहसा सांगत नाहीत ते हे.

टोकन आलं नसेल तर पीएचपी कुरकुर करते. ती थांबवायला लोक दोन प्रश्नचिन्हं टाकून रिकामी स्ट्रिंग देतात: सेशनमध्ये टोकन नसेल तर रिकामं धरा, पोस्टमध्ये नसेल तर रिकामं धरा, आणि मग ‘हॅश इक्वल्स’. वाचायला किती नीटस! पण रिकामं आणि रिकामं यांची तुलना खरी ठरते. आता भामट्याची पोस्ट आठवा. लॅक्समुळे तिच्याबरोबर कुकी येत नाही, म्हणून सेशन कोरं करकरीत, म्हणून त्यात टोकन नाही. भामट्याने फॉर्ममध्येही टोकन ठेवलेलं नाही. दोन्ही रिकामी. दार उघडं. खरा ग्राहक टोकन चुकला तर अडतो आणि हल्लेखोर तेवढा सुटतो, अशी ही तपासणी. मी इतरांचा कोड बघताना सगळ्यात आधी हीच ओळ शोधतो.

म्हणून तीन अटी, याच क्रमाने: सेशनमधलं टोकन रिकामं नसलेली स्ट्रिंग आहे का, पोस्टमधलं टोकन स्ट्रिंगच आहे का (रकान्याच्या नावापुढे चौकोनी कंस टाकला की ते अ‍ॅरे होऊन येतं), आणि दोन्ही जुळतात का. तिन्ही खरं असेल तरच पासवर्डकडे वळा. पासवर्ड आधी तपासून टोकन नंतर तपासणारा कोडही पाहिलाय. त्याने लॉगिन अडतं, पण चुकीच्या प्रयत्नांची मोजणी वाढत राहते आणि कुणाचंही खातं बाहेरून लॉक करायची सोय होते.

पायरी ५: लॉगिन झालं की किल्ली बदला

पासवर्ड बरोबर निघाला की ‘सेशन रीजनरेट आयडी’ला ‘ट्रू’ देऊन बोलवा, जुनं टोकन फेका, नवं काढा. बिननावाचं सेशन कोणाला माहीत असलं तरी आता ते निरुपयोगी. याचा एक छोटा त्रास: दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिनचं पान उघडंच असेल तर तिथलं टोकन आता जुळणार नाही. अशा वेळी ४०३ चं भकास पान दाखवू नका. फॉर्म पुन्हा दाखवा, नवं टोकन घाला, वर एक ओळ लिहा: ‘पान बराच वेळ उघडं होतं, पुन्हा एकदा भरा.’ युजरनेम राहू द्या, पासवर्ड नको. मात्र पहिल्या पायरीतली हेडरची तपासणी फसली असेल तर अशी प्रेमळ ओळ नको, सरळ नकार.

आता ती सूट देण्याची कथा. एका संस्थेच्या साइटला मी लॉगिन करून दिलं होतं, टोकन वगैरे सगळं घालून. आठवडाभर मजेत चाललं. मग सोमवारी सकाळी फोनावर फोन: कोणालाच आत जाता येईना, प्रत्येकाला ‘पुन्हा भरा’. माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक. तासभर डोकं खाजवल्यावर दोन वेगवेगळ्या फोनवर पानाचा सोर्स उघडून बघितला, तर दोन्हीकडे टोकन एकच, शेवटच्या अक्षरापर्यंत. रविवारी कोणीतरी साइट जलद व्हावी म्हणून पूर्ण पानाचं कॅशिंग चालू केलं होतं. पहिल्या पाहुण्याला छापून दिलेलं टोकन कॅशने जपून ठेवलं आणि गावभर वाटलं. पलीकडून सल्ला आला, ‘ते टोकनचं काय असेल ते काढून टाका ना, लॉगिनच्या पानावर काय करायचंय?’ घाईच्या सकाळी ती एक ओळ कॉमेंट करणं अगदी सोपं होतं. बरीच सूट अशीच दिली जाते आणि मग परत कोणी बघत नाही.

खरा उपाय एका हेडरचा आहे. लॉगिनच्या पानाच्या उत्तरात ‘कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर’ पाठवा, आणि कॅशिंग प्लगिन किंवा सीडीएनच्या यादीत त्या पानाला वगळा. दोन्ही करा. काही कॅशिंग यंत्रणा हेडरला जुमानत नाहीत.

पायरी ६: ओटीपी, गूगलचं बटण आणि ईमेलची लिंक

आपल्याकडे आता निम्म्या साइटी पासवर्ड विचारतच नाहीत. मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, आत या. पासवर्ड गेला म्हणून हा प्रश्न गेला, असं नाही. भामटा स्वतःच्या नंबरवर ओटीपी मागवतो आणि ग्राहकाच्या ब्राउझरमधून तो नंबर आणि ओटीपी सबमिट करवतो. दुसऱ्या पानावर मोबाइल नंबर हिडन रकान्यातून येत असेल तर तुमचा सर्व्हर फसतो. दोन्ही पानांना टोकन लावा, आणि नंबर फॉर्ममधून न घेता बिननावाच्या सेशनमधून घ्या. ज्या ब्राउझरने ओटीपी मागवला त्याच ब्राउझरला तो वापरता यायला हवा.

‘गूगलने लॉगिन करा’ असलं बटण ओऑथवर (दुसऱ्या साइटच्या खात्याने आत घ्यायची पद्धत) चालत असेल तर टोकनचं काम ‘स्टेट’ नावाचा पॅरामीटर करतो. ओऑथ २.० च्या २०१२ च्या मूळ दस्तऐवजातच हा धोका लिहून ठेवलाय. बाहेर पाठवताना यादृच्छिक स्टेट सेशनमध्ये ठेवा, परत आल्यावर जुळवा, एकदा वापरून टाकून द्या. ‘स्टेट’मध्ये नुसता ‘परत कुठल्या पानावर जायचं’ तो पत्ता भरून खूश होणारे बरेच भेटतात. त्याने सुरक्षा होत नाही. गूगलचं नवीन बटण ओळखपत्र थेट तुमच्या पत्त्यावर पोस्ट करतं. ती पोस्ट गूगलच्या साइटवरून येत असल्याने पहिल्या पायरीचा हेडरचा नियम तिथे अडवेल. त्या पत्त्याला त्यातून वगळा, पण त्याऐवजी गूगल जे ‘जी-सीएसआरएफ-टोकन’ कुकीत आणि फॉर्ममध्ये दोन्हीकडे देतं ते जुळवून बघा, आणि दोन्ही रिकामी नाहीत ना हेही.

ईमेलवरच्या लॉगिन लिंकची गत थोडी वेगळी. भामटा त्याला आलेली लिंक तुम्हाला फॉरवर्ड करतो, झालं. लिंक ज्या ब्राउझरमधून मागवली त्यातच चालू द्या. ते ग्राहकांना जाचक होत असेल (लॅपटॉपवर मागवायची आणि फोनवर उघडायची सवय असते), तर मध्ये एक पान ठेवा: ‘तुम्ही अमुक ईमेलच्या खात्यात शिरत आहात’, आणि खाली बटण.

जेसनवर (डेटा पाठवायचा एक मजकुरी साचा) चालणाऱ्या लॉगिनबद्दल थोडक्यात. ‘आमचं लॉगिन जेसन घेतं, साधा फॉर्म ते पाठवूच शकत नाही’ हे अर्धसत्य आहे. फॉर्मचा प्रकार ‘टेक्स्ट-प्लेन’ केला की रकान्यांच्या नावांची हातचलाखी करून जेसनसारखा मजकूर पाठवता येतो. सर्व्हर कंटेंट-टाइप (मजकूर कोणत्या प्रकारचा ते सांगणारं हेडर) न बघता मजकूर वाचत असेल तर तो फसतो. कंटेंट-टाइप जेसनच असला पाहिजे, अशी अट घाला.

लॉगआउटही पोस्टने आणि टोकनसह करा. जँगोने ५.० मध्ये साध्या लिंकने होणारं लॉगआउट काढूनच टाकलं. आणि आत शिरलेल्या माणसाचं नाव प्रत्येक पानावर ठळक दाखवा, विशेषतः कार्ड सेव्ह करायच्या आणि कागदपत्रं चढवायच्या पानावर, बटणाच्या अगदी शेजारी.

पायरी ७: स्वतःवर हल्ला करून बघा

एक साधं एचटीएमएल पान बनवा. त्यात तुमच्या लॉगिनकडे जाणारा फॉर्म, एका चाचणी खात्याचं युजरनेम-पासवर्ड भरलेलं, टोकन नाही. ते दुसऱ्या पत्त्यावरून उघडायचं. इथे बरेच जण स्वतःलाच फसवतात. साइट लोकलहोस्टच्या ८००० पोर्टवर आणि हल्ल्याचं पान लोकलहोस्टच्या ५५०० पोर्टवर ठेवलं, तर ओरिजिन वेगळं पण साइट एकच. पोर्ट साइटमध्ये मोजत नाहीत. लॅक्स कुकी खुशाल जाते आणि तुम्ही भलतीच परिस्थिती तपासत बसता. हल्ल्याचं पान १२७.०.०.१ या पत्त्यावरून उघडा. यंत्र तेच, पण ब्राउझरच्या लेखी ती परकी साइट. दोन्ही प्रकारे तपासा, कारण पहिला प्रकार म्हणजे ताब्यात गेलेलं सबडोमेन समजा.

मग पहिल्या पायरीची हेडर तपासणी तात्पुरती बंद करा, नाहीतर टोकनपर्यंत पोचणारच नाही, आणि एकेक करून पाठवा: टोकनचा रकानाच नाही, रकाना आहे पण रिकामा, ६४ अक्षरांचं पण बनावट टोकन, दुसऱ्या ब्राउझरमध्ये खरोखर मिळालेलं टोकन, टोकन अ‍ॅरे म्हणून, तोच मजकूर पोस्टऐवजी गेटने. सहाही वेळा लॉगिन नाकारलं गेलं पाहिजे. दुसऱ्या ब्राउझरचं टोकन चाललं, तर टोकन सेशनला बांधलेलंच नाही, दुसऱ्या पायरीत परत जा. रिकामं चाललं, तर चौथ्या.

तपासणी परत चालू करा. मग पहिल्या टॅबमध्ये तुमच्या खऱ्या खात्यात लॉगिन होऊन, दुसऱ्या टॅबमध्ये हल्ल्याचं पान उघडा आणि पहिला टॅब रिफ्रेश करा. अजून तुमचंच नाव दिसतंय का? लॉगिनचं पान आलं तर ‘सेशन स्टार्ट’ हेडर तपासणीच्या आधी पडलंय. फाइलच्या वरच्या ओळी बघा, बहुतेक ते एखाद्या इन्क्लूड केलेल्या फाइलमध्ये लपलेलं असतं.